शिंगेन की केन्शिन: आधी कुणाचं आयुष्य वाचायला घ्यावं?

जपानी शिकणारी मुलं एन-थ्री ही मधल्या पातळीची परीक्षा ओलांडली की इतिहासाकडे वळतात, असा माझा पुण्यातला अनुभव आहे. भाषा थोडी हातात आलेली असते, व्याकरणाचा कंटाळा आलेला असतो आणि सामुराईंचं वेड तर बहुतेकांना आधीपासूनच असतं. मग वर्ग सुटल्यावर कुणीतरी दाराशी थांबतं. "सेन्सेई, सेन्गोकू काळातला एकच सेनापती नीट वाचायचा आहे. कोण घेऊ?"

नोबुनागा, हिदेयोशी आणि इएयासू ही तीन नावं मी आधी बाजूला ठेवायला सांगते. सेन्गोकू म्हणजे प्रांताप्रांतांतल्या युद्धांचा काळ, आणि या तिघांनी देश एका छत्राखाली आणला, त्यामुळे त्यांचं चरित्र बघता बघता देशाचं चरित्र होऊन बसतं. पण एका प्रांताचा धनी, शेजाऱ्यांशी भांडणं असलेला, भावकीने घेरलेला सेनापती दिवसभर नेमकं काय करत होता, हे समजून घ्यायचं असेल तर काईचा ताकेदा शिंगेन आणि एचिगोचा उएसुगी केन्शिन या दोघांइतका चांगला विषय मला माहीत नाही. शिंगेन १५२१चा, केन्शिन १५३०चा. दोघांपैकी कुणीही देशाचा स्वामी झाला नाही. एकाच मैदानासाठी ते १५५३ ते १५६४ या काळात पाच वेळा समोरासमोर आले. ते मैदान कावानाकाजिमाचं, चिकुमा आणि साइ या नद्यांमधलं, आजच्या नागानो शहरात येणारं.

वेळ एकासाठीच असेल तर बहुतेकांना मी शिंगेन सुचवते. मात्र दोन प्रकारच्या वाचकांना मी मुद्दाम केन्शिनकडे पाठवते. त्यांच्याबद्दल पुढे सांगतेच.

जमीन कुणाची कशी होती

इथूनच सुरुवात करा, कारण दोघांच्या निम्म्या निर्णयांची कारणं नकाशात सापडतात.

काई म्हणजे आजचा यामानाशी. चारी बाजूंनी डोंगर, दक्षिणेला फुजी, मधे कोफूचं खोरं, आणि समुद्र कुठेच नाही. मीठसुद्धा बाहेरून आणावं लागायचं. फुजीच्या उत्तर पायथ्याच्या एका देवळातल्या भिक्षूंनी वर्षानुवर्षं एक टिपणवही लिहिली आहे. तिच्यात वादळं, पूर, रोगराई, धान्याचे चढे भाव आणि उपासमार पुन्हा पुन्हा येते. ती वाचली की शिंगेन सारखा उत्तरेकडे शिनानोत, म्हणजे आजच्या नागानोत, का घुसत होता हे वेगळं सांगावं लागत नाही. त्याला पिकाऊ जमीन हवी होती.

एचिगो म्हणजे आजचा नीगाता. लांबलचक किनारा, नाओएत्सू आणि काशिवाझाकीसारखी बंदरं. आओसो नावाच्या झाडाच्या धाग्याला क्योतोकडे मोठी मागणी होती आणि त्यावरचा कर, बंदरांची जकात केन्शिनच्या खजिन्यात यायची. १५९८च्या सुमाराची मोजणी बघितली तर काईचं उत्पन्न सुमारे २ लाख २७ हजार कोकू आणि एचिगोचं सुमारे ३ लाख ९० हजार कोकू भरतं. एक कोकू म्हणजे ढोबळमानाने एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ. घरच्या उत्पन्नात केन्शिन उजवा होता. पण एचिगोत हिवाळ्यात इतका बर्फ पडतो की वाटाच बंद होतात. म्हणून तो अनेकदा बर्फाच्या आधी मिकुनी खिंड ओलांडून कान्तोच्या, म्हणजे आजच्या तोक्योभोवतालच्या, सपाटीवर उतरायचा, हिवाळा तिकडेच मोहिमेवर काढायचा आणि पुढे घरी परतायचा.

घरातली माणसं

शिंगेनचं आयुष्य वाचताना सगळ्यात जास्त त्रास इथे होतो, आणि माझ्या मते म्हणूनच ते वाचायला हवं.

१५४१मध्ये त्याचा बाप नोबुतोरा शिनानोतली मोहीम आटोपून जावयाला भेटायला सुरुगाला गेला. जावई म्हणजे समुद्राकाठच्या सुरुगा प्रांताचा धनी इमागावा योशिमोतो. बाप सीमेपलीकडे गेला आणि मुलाने मागे वाट बंद केली. रक्ताचा थेंब न सांडता विशीतला मुलगा काईचा धनी झाला. पुढच्याच वर्षी त्याने शिनानोतल्या सुवावर चाल केली. सुवाचा धनी योरिशिगे हा शिंगेनच्या सख्ख्या बहिणीचा नवरा. त्याला कोफूला आणून पोट फाडून घ्यायला लावलं. मग त्याच योरिशिगेच्या दुसऱ्या बायकोपासून झालेल्या मुलीला शिंगेनने आपल्या घरात आणलं. तिचं स्वतःचं नाव कुठे नोंदलेलंच नाही. तिला १५४६मध्ये मुलगा झाला, तो कात्सुयोरी.

थोरला मुलगा योशिनोबू वारस होता आणि त्याची बायको इमागावांची मुलगी. जोवर इमागावांशी मैत्री होती तोवर सगळं ठीक होतं. पुढे इमागावा दुबळे पडले, सुरुगाचा किनारा शिंगेनच्या डोळ्यांत भरला आणि बापलेकात बिनसलं. १५६५मध्ये कटाचा आळ आला. ओबू तोरामासा या जुन्या सरदाराला मरावं लागलं, योशिनोबूला देवळात कोंडलं आणि १५६७मध्ये तो तिथेच गेला. सुनेला माहेरी धाडलं. १५६८च्या शेवटी शिंगेनने त्याच माहेरावर स्वारी केली. समुद्र मिळाला, वारस गेला. उरला तो कात्सुयोरी, सुवाच्या लेकीचा मुलगा, ज्याला जुने सरदार आपला धनी म्हणायला मनापासून तयार नव्हते. १५७५ला नागाशिनोत त्याचा धुव्वा उडाला आणि १५८२मध्ये तेन्मोकूच्या डोंगराशी घराणंच संपलं.

एक गोष्ट मला कधी विसरता येत नाही. हाकललेला बाप मुलाच्या मागे जिवंत राहिला. शिंगेन १५७३मध्ये गेला. नोबुतोरा १५७४मध्ये शिनानोतल्या ताकातोला वारला. तिथपर्यंत त्याला येऊ दिलं होतं, काईत पाऊल टाकू दिलं नव्हतं.

केन्शिनकडे ही बाजू जवळजवळ कोरी आहे. जन्माने तो नागाओ घराण्यातलं धाकटं पोर (उएसुगी हे आडनाव नंतरचं), लहानपणी रिन्सेन मठात शिकायला ठेवलेलं. १५४३च्या सुमारास तोचिओच्या किल्ल्यावर पाठवलं, तिथे त्याने बंड मोडलं. १५४८मध्ये थोरल्या भावाने गादी सोडली आणि हा धनी झाला. लग्न केलं नाही, मूल नाही. त्यावरून तो बाईच होता इथपर्यंत तर्क झालेत, त्याला भक्कम पुरावा नाही. त्यात वेळ घालवू नका. त्याने घेतलेल्या दत्तकांपैकी दोन महत्त्वाचे. एक बहिणीचा मुलगा कागेकात्सू, दुसरा शत्रूच्या, कान्तोतल्या होजो घराण्यातून तहात आलेला. या दुसऱ्याला त्याने स्वतःचं जुनं नाव कागेतोरा दिलं. वारस कोण, हे स्पष्ट न करताच १५७८मध्ये तो कोसळला. दोन दत्तकांमध्ये लढाई जुंपली, एचिगो होरपळलं आणि पुढच्या वर्षी हरलेल्या कागेतोराने स्वतःला संपवलं.

म्हणजे वारसाच्या प्रश्नावर दोघंही हरले. शिंगेन का हरला हे पायरी पायरीने दिसतं. केन्शिनच्या बाबतीत आपल्याला एकदम शेवटच दिसतो.

पाणी, सोनं, कायदा

शिंगेनला पहिला नंबर देण्यामागे माझं खरं कारण हे आहे.

कोफूच्या पश्चिमेला मिदाई नदी कामानाशीला येऊन मिळते. डोंगरातून सुसाट आलेलं पाणी तिथे आडवं धडकायचं आणि पूर थेट खोऱ्यात शिरायचा. १५४२च्या मोठ्या पुरानंतर शिंगेनने तिथे काम काढलं आणि ते १५६०च्या आसपासपर्यंत चाललं. नुसती उंच भिंत घालून पाणी अडवलं असतं तर ती भिंत पहिल्या पुरात गेली असती. म्हणून आधी दगडी टोकाने मिदाईचा प्रवाह फोडला. मग पाण्याला ताकाइवा नावाच्या कातळाकडे वळवून तिथे आपटू दिलं, म्हणजे जोर कातळावरच जिरावा. पात्रात लाकडाच्या तिकाटण्या उभ्या करून त्या दगड भरलेल्या बांबूच्या जाळ्यांनी दाबल्या. वेग त्यांच्यात अडकून मंदावतो. आणि बांध सलग न घालता मधे मधे फटी ठेवून तिरके, एकामागे एक घातले. पूर चढला की थोडं पाणी फटीतून मागे शिरतं, उतरला की तिथूनच परत नदीत येतं. बांध फुटत नाही.

मला त्याहून हुशारीची वाटते ती पुढची व्यवस्था. बांधाची निगा राखायला रोज माणूस लागतं. १५६०च्या एका कागदात रयूओ इथे येऊन बांधाजवळ वस्ती करणाऱ्यांना घरपट्टी माफ केलेली आहे. लोक आले, राहिले, आणि आपल्या घरासाठी का होईना बांध सांभाळत बसले. एप्रिलमध्ये तिथे आजही देवाची पालखी बांधावरून जाते आणि लोक पाय आपटत आपटत चालतात, म्हणजे माती दबून बसते. मी ती यात्रा पाहिली तेव्हा पुढचे आजोबा इतक्या मन लावून पाय आपटत होते की मीही आपोआप त्यांच्या तालात चालू लागले.

सोन्याचंही तसंच. कुरोकावासारख्या खाणींतून सोनं निघायचं. काईत वजनाऐवजी ठरावीक किमतीची सोन्याची नाणी चालायची, एका रयोचे चार बू आणि एका बूचे चार शू. पुढे तोकुगावांच्या राज्यात हीच चारची मोजणी देशभर गेली. खाणीतली माणसं वेढ्याच्या वेळी सैन्याबरोबर असायची. १५७३च्या सुरुवातीला नोदा किल्ल्याखाली त्यांनी बोगदे खणून आतलं पाणी तोडलं. ज्याच्याकडे खाणकामगार आहेत तो किल्ला वेगळ्या पद्धतीने घेतो, हे लक्षात आलं की 'युद्धनीती' हा शब्द जरा जमिनीवर येतो.

१५४७मध्ये त्याने प्रांताचा कायदा लिहवून घेतला. सुरुवातीला २६ कलमं होती, मग वाढत ५०च्या पुढे गेली. दोघं भांडले तर चूक कुणाची हे न बघता दोघांनाही शिक्षा, असं एक कलम आहे. ते ऐकून मुलं चिडतात. पण घराघरात तलवार असलेल्या प्रांतात सूडाची साखळी तोडायची होती, हे ध्यानात घ्या. आणि एक कलम असं की खुद्द धन्याकडून या कायद्याविरुद्ध काही घडलं तर लहानमोठ्या कुणीही अर्ज करावा. ज्याने स्वतःच्या बापाला हाकललं त्याने हे लिहिलं आहे. ही दोन टोकं एकाच माणसात बसतात, आणि तो माणूस वाचावासा वाटतो तो त्यामुळेच.

केन्शिनच्या कारभाराबद्दलही अभ्यास आहे, बंदरं आणि आओसोवर चांगलं काम झालं आहे. पण नवख्या वाचकाला हातात धरता येईल असं, बांधासारखं, काही तिथे चटकन मिळत नाही.

मग केन्शिन कुणासाठी?

पहिला वाचक असा, ज्याला 'हा माणूस लढला कशासाठी' हा प्रश्न पडतो. शिंगेनपुढे हा प्रश्न फार टिकत नाही, जमीन आणि समुद्र हे उत्तर लगेच सापडतं. केन्शिन मात्र सतत दुसऱ्याच्या हाकेला धावताना दिसतो. शिनानोतला मुराकामी योशिकियो शिंगेनविरुद्ध दोनदा जिंकून शेवटी हरला आणि १५५३मध्ये केन्शिनच्या आश्रयाला आला. कान्तोचा नामधारी अधिकारी उएसुगी नोरिमासा होजोंपुढे टिकेना, तोही आला. १५५९मध्ये केन्शिन क्योतोला जाऊन शोगुन योशितेरूला भेटला. १५६१मध्ये प्रचंड फौज घेऊन त्याने होजोंच्या ओदावाराला वेढा घातला, किल्ला पडला नाही, आणि परतताना कामाकुराच्या हाचिमान देवळात त्याने उएसुगी हे आडनाव आणि कान्तोचा अधिकार स्वीकारला. युद्धदेव बिशामोन्तेनची त्याची भक्ती इतकी की निशाणावर त्याच देवाच्या नावातलं 'बि' हे एक अक्षर. १५६४मध्ये त्याने याहिकोच्या देवळात शिंगेनच्या दुष्कृत्यांची यादीच अर्पण केली. त्यात बापाला हाकलल्याचा आरोप आहे.

आणि १५५६मध्ये हाच माणूस सरदारांच्या आपसातल्या भांडणांना विटून सगळं सोडून निघाला होता, भिक्षू व्हायला. सरदारांनी विनवण्या करून, निष्ठेच्या शपथा देऊन त्याला परत आणलं. सव्विसाव्या वर्षी सत्ता टाकून निघालेला सेनापती ही त्या काळात दुर्मीळ गोष्ट आहे. त्यात वैराग्य किती आणि सरदारांना वठणीवर आणण्याचा डाव किती, यावर वाद घालता येतो. मला दोन्ही खरं वाटतं.

पण त्याला संत करू नका. १५६६मध्ये कान्तोतला ओदा नावाचा किल्ला पडल्यावर पकडलेल्या माणसांची विक्री झाली, भाव माणशी २०-३० नाणी, अशी त्या काळची नोंद आहे. शिंगेनच्या सैन्याने शिनानोतून धरून काईत नेलेल्या बायामाणसांना नातेवाइकांनी २ कान, ३ कान, ५ कान, १० कानसुद्धा मोजून सोडवलं, असं फुजीच्या पायथ्याच्या त्याच टिपणवहीत लिहिलं आहे. एक कान म्हणजे हजार नाणी. ज्यांचं नातेवाईक कुणी नव्हतं त्यांचं काय झालं असेल, ते वाचताना थांबून विचार करा. दोघांपैकी कुणालाही निवडलंत तरी ही पानं वगळू नका.

दुसरा वाचक म्हणजे ज्याला अस्सल कागद वाचायचे आहेत. इथे केन्शिन सरळ सरळ वरचढ आहे.

ताकेदा घराणं १५८२मध्ये नष्ट झालं आणि त्यांचं दप्तर विखुरलं. शिंगेनबद्दल जे रंगवून सांगितलं जातं त्यातलं बरंचसं 'कोयो गुन्कान'मधून येतं. ही बखरच आहे. शिंगेनच्या एका सरदाराच्या नावावर असलेली आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ओबाता कागेनोरीने जुळवलेली. तारखा चुकतात, भाषणं रंगतात. आपल्याकडे बखरी वाचलेल्या माणसाला तिच्याशी कसं वागायचं ते कळतं: लगेच विश्वास ठेवायचा नाही, लगेच फेकूनही द्यायची नाही. तिच्यातला एकाक्ष, लंगडा सल्लागार यामामोतो कान्सुके हा पुष्कळ अभ्यासकांना काल्पनिक वाटायचा. मग १९६९मध्ये होक्काइदोतल्या एका घराच्या जुन्या कागदांत शिंगेनचं पत्र सापडलं आणि त्यात त्या नावाचा माणूस निघाला. पुस्तकांच्या मुखपृष्ठावर असतो तो गुबगुबीत, मिश्यांचा शिंगेनसुद्धा खरा शिंगेन आहे का, याबद्दल आता तज्ज्ञांना शंका आहे.

उलट उएसुगी घराणं टिकलं. त्यांना १५९८मध्ये आइझूला आणि १६०१मध्ये योनेझावाला जावं लागलं, पण दप्तर बरोबर गेलं. दोन हजारांहून जास्त कागदांचा हा संग्रह २००१मध्ये राष्ट्रीय ठेवा ठरला. त्यात केन्शिनने छोट्या कागेकात्सूसाठी स्वतःच्या हाताने लिहिलेला कित्ता आहे. इ-रो-हा अशी अक्षरं, आणि प्रत्येकासाठी वापरता येणारी कांजी, म्हणजे चिनी चित्राक्षरं. भाच्याला लिहिलेल्या एका पत्रात तो म्हणतो की तुझी वारंवार पत्रं येतात त्याने आनंद होतो, अक्षर सुधारलं आहे, म्हणून कित्ता पाठवतो. मुलांना मी हे पत्र दाखवते तेव्हा वर्ग शांत होतो. ती स्वतः कांजी घोटून घोटून वैतागलेली असतात, आणि निशाणावर युद्धदेवाचं अक्षर मिरवणारा माणूस एका पोराला अक्षर घोटायला शिकवतो आहे.

व्यवहाराच्या दोन-तीन गोष्टी

नावांनी घाबरू नका, पण आधी एक कागद तयार ठेवा. शिंगेन हे १५५९मध्ये मुंडन केल्यावरचं नाव, त्याआधी तो हारुनोबू. केन्शिनचं अवघड आहे: नागाओ कागेतोरा, मग उएसुगी मासातोरा, मग तेरुतोरा आणि १५७०पासून केन्शिन. १५७०नंतर कुठे 'कागेतोरा' दिसला तर तो दत्तक मुलगा. माझे विद्यार्थी हमखास इथे अडकतात.

मिठाच्या गोष्टीबद्दलही विचारलं जातं. १५६७मध्ये इमागावांनी काईचं मीठ तोडलं हे खरं. केन्शिनने शत्रूला मीठ भेट पाठवलं, ही नंतरची सजावट. त्याने आपल्या बाजूचा व्यापार बंद केला नाही, इतकंच धरून चाला. तरीही 'शत्रूला मीठ पाठवणं' हा वाक्प्रचार जपानीत पक्का झाला आहे आणि मात्सुमोतो शहरात मिठाचे बैल बांधले तो दगड म्हणून एक दगड दाखवतात.

जपानला जाणार असाल आणि एकच दिवस असेल तर शिंगेन सोपा पडतो. शिंजुकूहून कोफू एक्स्प्रेसने साधारण दीड तास. त्याच्या वाड्याच्या जागी १९१९पासून ताकेदा देऊळ आहे, बाजूचे खंदक अजून दिसतात, आणि एन्झानला एरिन मठात त्याची समाधी आहे. केन्शिनसाठी दोन टोकं गाठावी लागतात: जोएत्सूजवळचा कासुगायामा, जेमतेम १८० मीटरची टेकडी पण वरून समुद्र दिसतो, आणि कागद बघायचे तर दूर योनेझावा.

दोघं एकत्र हवे असतील तर नागानोला जा. मी कावानाकाजिमातल्या हाचिमानबाराच्या मैदानावर गेले तेव्हा शाळेची सहल आलेली होती. तिथे घोड्यावरून तलवार उगारलेला केन्शिन आणि बसल्या जागी लोखंडी पंख्याने वार झेलणारा शिंगेन असे दोन पुतळे आहेत. मुलं त्यांच्यासमोर वार आणि बचाव करत फोटो काढत होती. हे द्वंद्व बखरीतलं आहे, ते घडलंच असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पण थोड्या अंतरावर मेलेल्यांची मुंडकी पुरलेले मातीचे ढिगारे आहेत. तिकडे सहल गेली नाही.

पहिलं प्रकरण म्हणून दोघांच्याही चाहत्यांना मी एकच दिवस वाचायला देते: जुन्या जपानी पंचांगाप्रमाणे एइरोकू ४, नववा महिना, दहावी तिथी, म्हणजे १५६१. बखरीप्रमाणे केन्शिन १३ हजार माणसं घेऊन साइजोच्या डोंगरावर बसला होता आणि शिंगेन २० हजार घेऊन खाली कैझूच्या किल्ल्यात. शिंगेनने ठरवलं की १२ हजारांनी रात्री डोंगराला मागून वळसा घालायचा, पहाटे हल्ला करून केन्शिनला खाली हुसकायचं आणि आपण ८ हजारांनिशी मैदानात वाट अडवायची. सुतारपक्षी खोडाच्या मागून चोच मारतो आणि किडा पुढून बाहेर येतो, तसं. केन्शिन रात्रीच गुपचूप डोंगर उतरला, चिकुमा नदी ओलांडली, आणि सकाळी धुकं विरलं तेव्हा शिंगेनसमोर अख्खी फौज उभी होती. दुपारी मागची तुकडी येऊन पोचेपर्यंत शिंगेनचा भाऊ नोबुशिगे पडला होता. मुलासाठी ९९ उपदेश लिहून ठेवणारा, घरात सगळ्यांना हवाहवासा असलेला हा भाऊ. हजारो मेले. दोन्ही बाजूंनी आपणच जिंकलो असं सांगितलं.

हा दिवस आधी शिंगेनच्या बाजूने वाचा, मग केन्शिनच्या. दुसऱ्या वाचनाला मात्र आदल्या संध्याकाळपासून सुरुवात करा. मात्सुशिरोला, म्हणजे जुन्या कैझूला, तटावर उभं राहिलं की साइजोचा डोंगर समोर दोनेक किलोमीटरवर दिसतो; इकडचं तिकडे सगळं कळेल इतका जवळ. रात्रभर चालायचं म्हणून त्या संध्याकाळी किल्ल्यात १२ हजारांची शिदोरी रांधली जात होती. चुली वाढल्या, धूर वाढला. आणि डोंगरावरून केन्शिन, असं सांगतात, रोजच्यापेक्षा जास्त दिसणाऱ्या त्या धुराकडे बघत बसला होता.